कोरी मात्रा

चोवीस पानं. सेलेस्टिननं ती बिस्किटांच्या डब्यातून काढली,
वर मेणकागद, त्याला अजून दालचिनीचा वास.
"पाचही वादकांच्या वेगळ्या प्रती हव्यात," म्हणाली,
"ऑक्टोबरच्या आत. पैसे आत्ता निम्मेच."
खिडकीखालून नेटे नदी वाहत होती,
कोळशाची एक नाव काठाला लागलेली.

गोमार दानेल्सला मी एकदाच पाहिलं होतं,
चर्चमध्ये, ऑर्गनपाशी बसलेला, पाठमोरा.
आता महिनाभर त्याच्या अक्षराशी माझा संसार.
स्वरांची डोकी डावीकडे कललेली,
जणू नदीवरचा वारा कागदावरही सुटलाय.

पव्हान आधी. मखमलीचं ओझं ओढत
दोन-दोन पावलं चालणारी माणसं
आणि चेलो त्यांच्या मागून दिवा धरून.
व्हिओलाच्या ओळीवर कॉफीच्या कपाचं वर्तुळ,
त्यात नेमका एक कोमल स्वर अडकलेला.
ब्रान्लच्या समासात, पेन्सिलीनं:
बटाटे तीन किलो. जिन्याच्या कठड्याचं सुताराला विचारणे.
याची नक्कल करायची नसते.
मी तरी तिथे थांबले.

चारशे वर्षांपूर्वीचे नाच त्यानं अंगावर चढवले नव्हते,
शिवण उसवून आतली बाजू बाहेर ठेवली होती,
दोरे दिसावेत म्हणून.

गॅलियार्डला टाक अडला.
सहा मात्रांचं माप, पाच भरलेल्या.
पाचवी कोरी. विरामाची खूणही नाही.
विराम म्हणजे निदान सांगून आलेली शांतता;
इथे ताट मांडलेलं, खुर्ची रिकामी,
आणि कुणी काही बोलत नाही.
वाटलं, विसरला. पुढच्या ओळीत पुन्हा तेच.
अकरा ठिकाणी.
एका जागी विराम लिहून पात्यानं खरवडलेला,
कागद इतका झिजलेला
की मागच्या पानावरचा स्वर आरपार दिसे.

हिशेब चुकला की दोष नक्कल करणारीचा.
संगीतकाराला कुणी शिव्या देत नाही,
तो बहुधा मेलेला असतो.

सेलेस्टिन वाटाणे सोलत होती.
"गॅलियार्ड म्हणजे तो उडीचा?"
"हो. चार पावलं, मग उडी, मग जमीन."
एक शेंग पोकळ निघाली. ती तिनं बाजूला ठेवली.
"सातव्या वर्षी तापात डावा पाय गेला त्याचा.
या जिन्यानं वर जायचा, तेव्हा मी इथेच असायचे.
ठक, ठक, ठक, ठक,
मग काहीच नाही.
मग धप्प.
त्या मधल्या वेळात हातातलं काम थांबायचं माझं.
चाळीस वर्षं.
आता कामं लवकर उरकतात."

त्या रात्री मी विराम लिहिले, सगळीकडे, नीट, काळेभोर.
सकाळी पाचही प्रतींतून खरवडून काढले.
पंचावन्न जागा. मांडीवर कागदाचा भुगा.

शाळेच्या व्यायामशाळेत तालीम. बसूनवाला फ्लोरिमोंड तडकला,
"बाई, इथे एक मात्रा खाली आहे, लिहायची राहिली."
"खालीच आहे."
"मग मोजू कशी?"
मी सांगू शकले नाही.
ओबो वाजवणाऱ्या पोरीनं फक्त श्वास धरला,
बाकीचे चौघे तिच्या खांद्यांकडे बघत राहिले
आणि पाचही जण एकदम,
किंचित उशिरा,
उतरले.

दुसऱ्यांदा त्यांना ते जमलं नाही.
तिसऱ्यांदाही नाही. फ्लोरिमोंड पाय आपटून मोजू लागला.
सेलेस्टिननं विणकाम पिशवीत कोंबलं,
उरलेले पैसे माझ्या हातावर मोजले,
आलमांद लांबलाय, एवढंच म्हणाली, आणि गेली.

पहिल्या वेळी तिच्या सुया थांबल्या होत्या.
एवढं मी पाहिलं.